बोललं ते घडलं

सरदार ब्रॅनक दरीवर लोंबकळत होता आणि वेंडेल तळलेलं चीज खात होता. ब्रॅनक हे त्याचं, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या खेळातलं पात्र. कॉलेजात असताना त्याने ते कागदावर उतरवलं होतं, आणि आता वेंडेलला टक्कल पडलं तरी ब्रॅनकच्या केसालाही धक्का लागला नव्हता. ड्वेनच्या स्वयंपाकघरातल्या या टेबलावर बाकीच्यांची पात्रं किती आली आणि किती मेली. ब्रॅनक मात्र दर रविवारी, चर्च सुटलं की, नव्या तलवारीनिशी हजर.

पूल कोसळला तेव्हा टिल्डा पलीकडच्या काठावर पोचली होती. ब्रॅनक ज्याला लोंबकळत होता त्या दोराचं टोक आता तिच्या हातात होतं. टिल्डा ही वैदू, म्हणजे मार्लिसचं पात्र, आणि मार्लिस म्हणजे वेंडेलची बायको.

"टिल्डाचे हात थरथरतायत," ड्वेन म्हणाला. खेळ तो चालवायचा. गोष्ट तो सांगणार, आणि कुणाचं काय होतं ते फासे ठरवणार. "वीस बाजूंचा फासा टाक, मार्लिस. बारा किंवा वर हवेत."

मार्लिसला नऊ पडले.

"नऊ!" वेंडेल तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "अगं, तुझ्याने बरणीचं झाकण निघत नाही, ब्रॅनकचा भार काय पेलणार तू! पाय रोव म्हणावं तिला. आणि ती मलमांची पिशवी दे फेकून. मी सांगतो तसं कर."

"काय करायचं ते मला ठरवू दे ना."

"तू ठरवलंस तर मी मेलोच की!"

"मग सोडते दोर," मार्लिस म्हणाली. "घे!"

शेजारचा गॉर्डी खो खो हसला आणि मधेच थांबला. ड्वेन तर हसलाच नाही.

कारण या टेबलाचा एक कायदा होता: टेबलावर बोललं ते घडलं. थट्टेत बोललो म्हणून सुटका नाही. कायदा वेंडेलनेच आणलेला. मागे एकदा गॉर्डी गमतीत म्हणाला, माझा जादूगार राणीचा मुका घेतो, आणि लगेच भर दरबारात जादूगाराचं मुंडकं उडालं. गॉर्डीने गयावया केली, तेव्हा "बोललं ते घडलं, बाळा," असं म्हणत टेबल बडवणारा वेंडेलच होता.

"बोललं ते..." गॉर्डीने सुरुवात केली.

"गप रे!" चीजचा तुकडा वेंडेलच्या हातातच राहिला. "गंमत केली तिने. ड्वेन, अरे, माझी बायको आहे ती."

ड्वेनने चष्मा काढून स्वेटरला पुसला. बाहेरून बर्फ साफ करणारी गाडी खडखडत गेली.

"एकदा विचारतो," तो म्हणाला. "गॉर्डीला विचारलं नाही, ते चुकलंच माझं. मार्लिस, टिल्डा दोर धरते की सोडते?"

वेंडेलला हायसं वाटलं. "धरते की," त्याने परस्पर सांगून टाकलं. "ती कुठे जातेय? चल पुढे."

ड्वेन पुढे गेला नाही. तो मार्लिसकडे बघत होता, आणि मार्लिस आपल्या तळहातांकडे. त्यात बघण्यासारखं काय आहे ते वेंडेलला कळेना.

"सोडते," ती म्हणाली.

या वेळी आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. दूध संपलंय असं सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

वेंडेलने हातातलं चीज खाली ठेवलं. "मार्लिस," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "अगं, मरेल तो."

"हो."

"मी... मी ओरडतो वर! तिला हाक मारतो!"

"मार," ड्वेन हळू आवाजात म्हणाला. "ऐकू येतंय तिला."

वेंडेलने तोंड उघडलं. आजवर ब्रॅनकने राक्षसांना शिव्या दिल्या होत्या, राजांना सुनावलं होतं. पण टिल्डाला कधी नुसती हाक मारली होती का, ते त्याला आठवेना. 'मलम आण', 'मागे हो', 'पिशवी धर', एवढंच आठवत होतं. गॉर्डी खाली मान घालून बसला होता. मघाशी त्याला झालेला आनंद कुठच्या कुठे गेला होता.

इतक्या उंचीवरून पडणाऱ्यासाठी फासे टाकायची गरज नसते. तरी जुन्या गड्याचा मान म्हणून ड्वेनने ते टाकले आणि बेरीज न करताच गोळा केले. मग नकाशावर उभा असलेला ब्रॅनकचा शिशाचा बाहुला त्याने दोन बोटांनी उचलून आडवा ठेवला.

वेंडेलला रडू येत होतं. एवढ्याशा बाहुल्यासाठी रडू यावं याची लाजही वाटत होती. आता मार्लिस वळेल, दंडाला हात लावेल, चुकून निघालं रे तोंडातून म्हणेल, म्हणून तो वाट बघत राहिला. तसं म्हणाली असती तर त्याने तिला तिथल्या तिथे माफ करून टाकलं असतं.

मार्लिसने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि फासा हातात घेतला.

"ड्वेन," ती म्हणाली, "टिल्डाचे हात मोकळे झालेत. पुढे वाट कुठे जाते?"