मुलांचा कॉम्प्युटर

केबल जेमतेम दीड मीटरची निघाली. त्यामुळे मुलांचा कॉम्प्युटर उचलून मुलींच्या कॉम्प्युटरशेजारी आणावा लागला. सरलाकाकूंच्या वधू-वर सूचक मंडळात हे पंधरा वर्षांत प्रथमच घडत होतं. मुलांची स्थळं बाहेरच्या खोलीत, मुलींची आत देवघराजवळ, अशी काकूंची शिस्त. पण मुलांचं यंत्र आता अखेरच्या घटका मोजत होतं, म्हणून सगळे मुलगे मुलींकडे पाठवायचे होते. पेनड्राइव्ह दोघांपैकी एकालाही मानवत नव्हता.

प्रितेशने केबलची दोन्ही टोकं खोचली, दोन्ही यंत्रांची एकमेकांशी ओळख करून दिली आणि कॉपीवर टिचकी मारली. पहिला मुलगा निघाला. एकूण सहाशे बारा होते. दोनशे चौदाव्या क्रमांकावर प्रितेश स्वतः होता.

सात वर्षं तो त्या कॉम्प्युटरमध्ये बसून होता. विरारच्या मनवेलपाड्यात स्वतःचा फ्लॅट, पाणी दोन्ही वेळ, कॉम्प्युटर दुरुस्तीचं चालू दुकान, निर्व्यसनी. तरी आजवर एकाही मुलीकडून बोलावणं आलं नव्हतं. काकू बिचाऱ्या दर दोन-तीन महिन्यांनी कारण तेवढं कळवत. एकीला म्हणे मिशी खटकली. प्रितेशने मिशी काढली. दुसरीला चष्मा नको होता. त्याने लेन्स घातल्या आणि डोळ्यांतलं पाणी पुसत नवा फोटो काढून दिला. तिसरीला विरार लांब पडत होतं. विरार सरकवणं काही त्याच्या हातात नव्हतं, पण बोरिवलीत भाड्याच्या जागा तो बघून आला होता. परवा त्याला अडतिसावं लागलं. दिवाळीपर्यंत काही जुळलं नाही तर नाव काढून घ्यायचं, असं त्याने आईला सांगून टाकलं होतं.

अर्ध्या तासात सगळे मुलगे सुखरूप पोहोचले. आता एखादी फाइल नीट उघडते का, ते बघायचं होतं. साहजिकच त्याने दोनशे चौदा उघडली. फोटो होता, पण सात वर्षांपूर्वीचा. मिशी जागेवर, चष्मा जागेवर. खाली शेऱ्याचा रकाना होता. तो काकूंच्या स्वतःपुरता असे. त्यात लिहिलं होतं, 'मुलगा हिरा आहे. कोणालाही दाखवू नये. आपल्या विनितासाठी राखून ठेवला आहे.'

विनिता म्हणजे काकूंची एकुलती एक मुलगी. हल्ली ठाण्याला असते.

प्रितेशने तो शेरा दोनदा वाचला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून शक्य तितक्या सहज विचारलं, "काकू, विनिताच्या लग्नाला किती वर्षं झाली हो?"

"मार्गशीर्षात चार होतील." काकू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. "असा कसा रे विसरतोस? तिला भाऊ नाही म्हणून नवरदेवाचा कान पिळायला तूच तर उभा होतास."