मोठी नोट

औषधांच्या दुकानातल्या मशीनने तिसऱ्यांदा कार्ड नाकारलं तसा बँकेतल्या कॅशियरबाईंचा पारा चढला.

"अहो, नीट घाला ना! भरपूर पैसे आहेत त्यात."

"असतील, ताई. पण सीमेपलीकडचं कार्ड हे मशीन घेतच नाही," औषधवाला म्हणाला.

स्टुलावर बसलेली कॅशियरबाईंची आई गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकली होती. तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. दम्याचा पंप पिशवीत, पिशवी सहलीच्या बसमध्ये आणि बस टायर बदलायला गेलेली. ती संध्याकाळशिवाय परत येणार नव्हती. मायलेकी सकाळीच या देशात आल्या होत्या, आणि सकाळपासून कॅशियरबाई धुमसत होत्या. रिक्षावाल्याने दुप्पट घेतले होते. चहावाल्याने सुट्ट्यांऐवजी हातावर चार लिमलेटच्या गोळ्या टेकवल्या होत्या. जवळच्या छोट्या नोटा त्यातच संपल्या होत्या.

त्यांनी पर्समधून आपल्या देशाची मोठी नोट काढून काउंटरवर आपटली. औषधवाल्याने हात मागे घेतला.

"ही नको. छोट्या नाहीत का?"

"नाहीत. का, खोटी वाटते? एकोणीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसतेय मी. नोट कशी असते ते मला शिकवू नका."

"खोटी नाही हो. पण इथे ही..."

"इथे काय? सगळ्यांकडे एकेक कारण तयारच असतं. माणूस बाहेरचा दिसला की कापा!"

आईला खोकल्याची उबळ आली. तिच्या तोंडातून शब्द फुटेना. औषधवाल्याने रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग झटकन नोट उचलली, चार घड्या घातल्या आणि गल्ल्यात न टाकता शर्टाच्या आतल्या खिशात सारली. कॅशियरबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

तो नवा पंप हलवतच बाहेर आला आणि आईसमोर उकिडवा बसला. "मावशी, आधी श्वास सोडा. आता ओढा. धरून ठेवा, सोडू नका." दुसऱ्यांदा. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. हळूहळू शिट्टी थांबली. आईने डोळे पुसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्याने उरलेले पैसे तिथल्या चलनात काउंटरवर ठेवले. कॅशियरबाईंनी सवयीने सर्रकन मोजले. सीमेवरच्या फलकावरचा चलन बदलण्याचा दर त्यांना तोंडपाठ होता.

"हे काय? पाचवा हिस्सा कमी आहे!"

"ताई, जरा आत या. सांगतो. हळू बोला."

"हळू का म्हणून? चोरी तुम्ही करायची आणि हळू मी बोलायचं?"

"तुमची नोट परत देतो. घ्या आणि जा. पण ओरडू नका, पाया पडतो."

"आता बरी परत देताय! म्हातारी बाई कासावीस झालेली बघून डाव साधलात. लाज नाही वाटत?"

"अगं, जाऊ दे," आई म्हणाली.

"तू गप्प बस!"

रस्त्यावरचे दोघंतिघं थांबले. कॅशियरबाई तणतणत नाक्यावर गेल्या आणि तिथल्या पोलिसालाच घेऊन आल्या. "या माणसाने मला लुटलंय. नोट घेतली आणि पैसे कमी दिले."

पोलिसाने शांतपणे विचारलं, "नोट तुमच्याकडची? छोटी की मोठी? मोठी असेल तर आधीच सांगतो, बाई. तुमच्याकडची मोठी नोट इथे बाळगणंही गुन्हा आणि घेणंही गुन्हा. दोघांनाही चौकीवर यावं लागेल. आठवडाभर तरी सुटका नाही."

कॅशियरबाईंनी आईकडे पाहिलं. आईने पंप घट्ट धरला होता. औषधवाल्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथून खाली आला.

"कसली नोट, साहेब?" तो म्हणाला. "यांचं कार्ड चाललं नाही. मावशींना दम लागला होता, म्हणून पंप तसाच दिला. बाहेरची माणसं आहेत, भाषेचा घोटाळा झाला."

"मग हे काउंटरवरचे पैसे?"

"माझेच. मोजत होतो."

पोलीस कॅशियरबाईंकडे वळला. "असंच ना?"

"हो," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

पोलीस मान हलवून गेला. औषधवाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं. त्याने घडी घातलेली नोट काढली आणि काउंटरवर फेकली.

"ही घ्या तुमची नोट! ही चोरून बदलून देणारा माणूस पाचवा हिस्सा कापतो. तेवढाच मी कापला होता. माझा त्यात एक पैसा नव्हता. आज माझं दुकान गेलं असतं, कळलं? दोन पोरी शिकतायत माझ्या या दुकानावर!"

"मला माहीत नव्हतं..."

"सांगत होतो! तीनदा सांगत होतो!"

कॅशियरबाईंची मान खाली गेली. "पंपाचे पैसे..."

"कशाने देणार? याच नोटेने?"

त्याने काउंटरवरचे पैसे गोळा करून गल्ल्यात टाकले आणि गल्ला धाडकन लावला. मग तो आईजवळ आला, तिला हात देऊन उठवलं आणि शटरखालून जपून बाहेर काढलं.

"मावशी, पुन्हा दम लागला तर या," तो म्हणाला. "पण एकट्या या."