वाडीतला काळोख

केळशीच्या किनाऱ्यावर कासवाची घरटी राखणाऱ्या भिकाजीने सगळ्या वाडीला दम भरला होता, "तिन्हीसांजा झाल्या की अंगणा-खळ्यातले दिवे बंद! पिल्लं उजेडाकडे धावतात, दर्या चुकतात नि मरतात."

त्या काळोखातच त्याची बायको मथुरा पायरी चुकली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. तरी भिकाजी हटला नाही. "तुझं हाड जुळेल गो," तो म्हणाला, "पिल्लू वाट चुकलं की संपलं."

मग किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलवाल्यांनी 'कासवमित्र' म्हणून त्याचा सत्कार ठेवला. वाळूतच मांडव घातला, हॅलोजनचा लखलखाट केला, पाहुण्यांच्या गाड्याही वाळूतच लागल्या.

भिकाजीने हात जोडले, "साहेब, दिवे तेवढे कमी करा. पिल्लं आज-उद्यात बाहेर पडतील."

"अहो काका, फोटो काळे येतील!" साहेब हसले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली.



सत्कारानंतर भिकाजीला घरी सोडायला निघालेल्या गाडीच्या चाकांखाली कचकच वाजू लागलं, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "शिंपले असतील, काका."