गुत्तेदाराचं काम बघायला

गुत्तेदार निवडायचा तर त्याच्या बोलण्यावर जायचं नाही, त्यानं बांधलेलं एखादं घर आतून बघून यायचं, ही जालन्यातली साधी रीत. म्हणून काम बघायला आलेल्या अनोळखी माणसालाही लोक घरात घेतात.

काकासाहेब रोज सकाळीच जेवून मस्तगडातल्या आपल्या निळ्या गेटला कुलूप लावून निघायचे आणि दिवसभर कुठं नवं घर दिसलं की बेल वाजवायचे. लोक हौसेनं खोली न् खोली दाखवायचे, मग चहा व्हायचा. खरं तर काकासाहेबांना काहीच बांधायचं नव्हतं. त्यांचं घर देवानंद गुत्तेदारानं कधीच बांधून दिलं होतं. फक्त बायको गेल्यापासून त्या घरात दुसरा कप निघाला नव्हता.

आज मंठा रोडवरच्या एका घरात साधनाताईंनी त्यांना पार गच्चीपर्यंत नेऊन सगळं दाखवलं.

"देवानंदलाच द्या काम. आमचं त्यानंच केलं," चहा पुढं करत त्या म्हणाल्या.

"आधी त्याचं काम बघितल्तं का?"

"बघायला गेल्तो की, घरचे सगळे मिळून. मस्तगडात निळ्या गेटचं घर आहे. तो सगळ्या गिऱ्हाइकांना तिथंच पाठवायचा."

काकासाहेबांनी कप खाली ठेवला. "मंग?"

 

"मंग काय, कवा बी जा, गेटला कुलूपच. शेवटी त्यानं तिकडं पाठवायचंच बंद केलं."