कोरड्या होडीतला पंप

शेजारच्या मल्लेशने होडीत आपोआप चालणारा पंप बसवला, म्हणून मीही बसवला. तळाशी पाणी साचलं की त्यावर तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो आणि पंप ते बाहेर फेकतो. तरी उजनी धरणावर पक्षी बघायला येणारी माणसं त्याच्याच होडीत चढायची. आज माझी बायकोही चढली.

"तुमची होडी रंगवायला काढली हाय की," केसांत अबोली खोचत चंद्रिका म्हणाली. "मग मी काय काठावर बसू व्हय?"

ती दोघं लांब गेली. तिचं हसू पाण्यावरून माझ्यापर्यंत आलं, आणि विटांवर चढवलेल्या माझ्या होडीतला पंप घरघरला.

तळ कोरडा ठणठणीत होता. तरी फ्लोट उचललेला होता आणि पाइपातून गार पाण्याची धार पडत होती. मी फ्लोट खाली दाबला. तो पुन्हा वर आला.

धारेतून अबोलीची पाकळी आली.

मी मान वर केली. मल्लेश काहीतरी दाखवायला तिच्याकडे वाकला होता. मला ते बघवेना. मी बॅटरीची वायर उपटली. धार थांबली.

तिकडचं हसूही थांबलं. पंप असूनही मल्लेशची होडी हळूहळू पाण्यात बसत चालली होती.

चंद्रिका घाबरून त्याला बिलगली.

वायर अजून माझ्या हातातच होती.