आमसुलाचं पाणी

"काय केलंस गो हे!" बाळाजीने कपाळावर हात मारला.

एरवी पिवळ्याधमक निघणाऱ्या पुंगळ्या आज तांब्यासारख्या लालसर झाल्या होत्या. साहेबाच्या झाडलेल्या काडतुसांच्या या रिकाम्या पुंगळ्या. तो त्या पुन्हा भरायचा आणि क्लबात जाऊन पुठ्ठ्यांवर नेम धरायचा. बाटलीतलं पॉलिश महाग, म्हणून त्या घासायचं काम ड्रायव्हर बाळाजीच्या बायकोकडे, रंभाकडे आलं होतं. रत्नागिरीला देवाची उपकरणी घासतात तशी ती त्या आमसूल-मिठाच्या पाण्यात टाकायची. काल मात्र त्या पाण्यातून काढायलाच विसरली.

साहेबाची नाराजी तिला नकोच होती. आखातातल्या रिफा शहरात साहेबाच्या बंगल्यामागे या दोघांची खोली, आणि खोलीच्या दाराशी ढवळी. परमुलखात दिवसभर बोलायला रंभाला ती एक भटकी कुत्रीच काय ती होती. तिच्या भुंकण्याने साहेबाची झोपमोड व्हायची. साहेब खूश राहिला तर ढवळीला राहू देईल, एवढ्यासाठीच रंभा जीव तोडून घासायची.

बाळाजी बंगल्यातून हसत परत आला.

"रागावला नाय गो. म्हणाला, ह्या क्लबात नको, घरीच वापरीन."

"आणि ढवळीचं विचारलंत?"

"विचारलं ना. डोन्ट वरी म्हणाला."

रंभाचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ढवळीला माशाचं अख्खं डोकं मिळालं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी जवळच धाडकन आवाज झाला. टायर फुटला असेल म्हणून ती भाकऱ्या थापत राहिली. मग हाका मारल्या, तरी ढवळी येईना. ती सापडली मागच्या भिंतीपाशी, वाळूत आडवी पडलेली. मानेखालची वाळू भिजली होती. रंभाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाळाजी बंगल्याकडून येताना दिसला, तशी ती किंचाळली,

"अहो, साहेबांना सांगा! त्यांच्या आवारात शिरून कोणा मेल्यानं हिला मारलं!"

बाळाजीने तिच्याकडे बघितलं नाही. खिशातला हात काढून त्याने तिच्यापुढे उघडला.

"घासायला दिलीय," तो पुटपुटला.

तळहातावर एकच पुंगळी होती. तोंडाशी काजळी धरलेली, बाकी अंगभर तांबूस.