टेबलापलीकडची खुर्ची

खुर्ची भलत्याच ठिकाणी होती. टेबलाच्या पार पलीकडे, दाराला लागून. ती बघितली आणि आई दारातच अडली.

"अगं, मी तुझ्याशेजारी बसते ना!"

"तिथे," भिंगरी म्हणाली आणि तिनं दाराकडे बोट दाखवलं.

लहानपणी ही पोरगी स्वतःभोवती गरागरा फिरत राहायची, म्हणून भिंगरी. आता बावीस वर्षांची झाली तरी नाव काही सुटलं नाही. ज्यांना शिकायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो अशा तरुण मुलामुलींच्या या निवासी शाळेत ती गेल्या वर्षी राहायला आली. इथली पद्धत अशी, की वर्षअखेरीला ज्याच्याबद्दल बैठक असेल त्यानंच खुर्च्या मांडायच्या. कोण कुठे बसणार ते तो ठरवणार, मग बसणारा साहेब असो की सख्खी आई. खुर्च्यांच्या पायांना चिरलेले चेंडू बसवले होते, कारण फरशीवर जरा करकर झाली की कुणीतरी कान झाकून ओरडायला लागायचं.

आईला या पद्धतीचं एरवी फार कौतुक. पण आज नाही. आज साहेब आले होते. पुढच्या वर्षी इथली जागा कुणाला द्यायची, ते त्यांच्या हातात होतं. ते मुलीला एकच गोष्ट विचारणार: राहायचंय का? उत्तर तिचं तिनंच द्यायचं. नाही देता आलं, तर जागा दुसऱ्या कुणाला. आणि भिंगरीची खोड अशी, की दोन गोष्टी विचारल्या की दुसरी उचलायची. "चहा की दूध?" "दूध." "दूध की चहा?" "चहा." डॉक्टर फसले, आत्या फसली, दुकानदार तर रोज फसायचा.

त्यावर आईनं फार पूर्वीच एक तोड काढली होती. शेजारी बसायचं, खांद्यावर हात ठेवायचा, आणि हवा तो शब्द आला की हळूच दाबायचं. लोक म्हणायचे, काय माया आहे हो! माया तर होतीच. पण भिंगरीची सगळी उत्तरं त्या हातातून यायची, आणि हे आईनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आजही हात तयार होता. कारण घरी पोरगी दिवसभर खिडकीत बसून असायची. आईनं न्हाऊ घालायचं, आईनं केस विंचरायचे, आणि आपल्यामागे हिचं कोण, या विचारानं आईनंच जागत पडायचं. इथे ती स्वतःची वेणी घालायला शिकली. वेणी वाकडी होती, पण तिची होती. तिच्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यात होती. आणि साहेबांनी "इथे की घरी" असं विचारलं, तर हे सगळं एका "घरी" वर जाणार होतं.

शाळेच्या मोठ्या बाई आल्या, बागकामाचे सर आले, साहेब येऊन कागद चाळत बसले. तेवढ्यात आईनं खुर्ची सरकवायला सुरुवात केली. चेंडूंची कृपा, आवाजाचं नाव नाही. जरा सरकायची, थांबायची, छताकडे बघायची, परत सरकायची. खांदा आता हातभरच राहिला.

भिंगरी उठली. खुर्चीची पाठ धरली आणि आईसकट खुर्ची ढकलत ढकलत पुन्हा दाराशी नेऊन लावली.

"वस्तूची जागा हललेली हिला खपत नाही," आई कसंनुसं हसत म्हणाली. "चपलासुद्धा ओळीतच लागतात." मोठ्या बाई हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागल्या.

साहेब माणूस चांगला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं, भिंगरीकडे नीट बघितलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, "काय भिंगरीताई, इथे राहायचं, की घरी जायचं?"

झालं! उलटं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं या माणसाचं? आईचा हात आपोआप उठला आणि हवेतच राहिला.

भिंगरीनं आपल्या खांद्याकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. मग तिनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. सरांनी मदतीला तोंड उघडलं, मोठ्या बाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. कुणी घाई केली नाही.

"घरी," भिंगरी म्हणाली.

आईनं डोळे मिटले. सगळं पाण्यात गेलं.

"घरी... सुट्टीत." एकेक शब्द जड पोतं उचलावं तसा येत होता. "आता इथे. इथे माझी खोली."

सरांनी टेबलावर दणकन थाप मारली आणि "आवाज, आवाज!" म्हणत स्वतःच हात मागे घेतला. साहेबांनी मान डोलवत कागदावर सही केली. आई चक्क रडत होती, आणि आज तिला कुणाची लाज वाटत नव्हती. माझी पोरगी बोलली! माझ्याशिवाय बोलली!

निघता निघता साहेब थांबले. "एक विचारू? आईंना एवढं लांब का बसवलंत?"

"अहो, तिला काय कळतंय त्यातलं, ती आपली उगाच..." आई सवयीनं सुरू झाली.

भिंगरीनं हात वर करून तिला थांबवलं.

"आईचा हात पोचतो," ती म्हणाली. "म्हणून लांब."